बॉब हेज : एका वेगवान् गड्याचें चरित्र

शाळेच्या वार्षिक क्रीडासमारंभांत शंभर यार्डांची शर्यत लागली म्हणजे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आईबापांचे डोळे त्या एका रेषेवर जसे खिळून राहतात, तसे ते दुसऱ्या कोणत्याहि खेळाच्या वेळीं खिळत नाहींत. नुसतें धांवणें ही गोष्ट दिसावयास अगदीं साधी. तींत डाव नाहीं, कावा नाहीं, हत्यार नाहीं. तथापि जो मनुष्य इतर सर्वांपेक्षां जलद धांवूं शकतो त्याच्याविषयीं जगाला मोठें नवल वाटतें, आणि त्या नवलापोटीं जग त्याला कांहीं काळ डोक्यावर घेऊन नाचतें. अशाच एका मनुष्याची हकीकत येथें सांगावयाची आहे. रॉबर्ट ली हेज हें त्याचें नांव. लोक त्याला बॉब म्हणत, आणि त्याच्या वेगास बंदुकीच्या गोळीची उपमा देऊन ‘बुलेट’ असें टोपणनांवहि त्यांनीं त्याला दिलें होतें. दोन निरनिराळ्या खेळांत तो अग्रभागीं पोंचला, आणि पुढें इतका खालीं आला कीं, त्याचा गौरव करावा किंवा नाहीं, हा प्रश्न त्याच्या देशांत पुष्कळ वर्षें लोंबकळत राहिला.

त्याचा खेळ आपल्याकडील मुलांच्या परिचयाचा नाहीं, म्हणून त्याविषयीं आधीं थोडें सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यांतील चेंडू वाटोळा नसून दोन्ही टोंकांस निमुळता असतो, आणि बहुतेक वेळ तो पायानें न मारितां हातांत धरून नेतात. मैदान शंभर यार्ड लांब. एकेका पक्षांत अकरा गडी. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवालीं होतो. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेलें म्हणजे सहा गुण मिळतात. त्यास टचडाउन असें नांव आहे. पुढें जाण्याचे मार्ग दोन. एक तर चेंडू पोटाशीं धरून गर्दींतून घुसावयाचें. नाहीं तर क्वार्टरबॅक नांवाच्या प्रमुख गड्यानें तो दूर फेंकावयाचा, आणि पुढें धांवत गेलेल्या दुसऱ्यानें तो झेलावयाचा. या झेलणाऱ्यास रिसीव्हर म्हणतात. आणखी एक काम आहे. प्रयत्न फुकट जात आहेत असें दिसलें म्हणजे चेंडू असलेला पक्ष तो लाथेनें उंच व दूर उडवून देतो. तो खालीं येतांना झेलून, अंगावर येणाऱ्या टोळीस चुकवीत, पुन्हा उलट दिशेनें न्यावयाचा, हें ज्याचें काम तो रिटर्नर. हें काम धोक्याचें खरें. दृष्टि आकाशाकडे लावावी लागते, आणि त्याच वेळीं आपल्याला जमिनीवर लोळविण्याकरितां धिप्पाड पुरुष धांवत येत आहेत, त्यांच्या पायांचा आवाज कानांवर पडत असतो. बॉब हेज हीं दोन्ही कामें करी.

त्याचा जन्म २० डिसेंबर १९४२ रोजीं फ्लॉरिडा संस्थानांतील जॅक्सनव्हिल या शहरीं झाला. तो कृष्णवर्णीय होता, आणि त्या काळीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत कृष्णवर्णीयांच्या शाळा, उपाहारगृहें, बसावयाच्या जागा, सर्व कांहीं गोऱ्यांपासून वेगळें असे. अस्पृश्यतेचा शाप ज्या देशानें पाहिला आहे त्या देशांतील वाचकांस हें अधिक फोड करून सांगावयास नको. याच जॅक्सनव्हिल शहरांत २७ ऑगस्ट १९६० रोजीं, गोऱ्यांच्या उपाहारगृहांत बसण्याचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांवर जमावानें कुऱ्हाडीच्या दांड्यांनीं हल्ला केला होता. बॉबची शाळा, मॅथ्यू गिल्बर्ट हायस्कूल, ही केवळ कृष्णवर्णीय मुलांचीच. १९५८ सालीं त्या शाळेच्या संघानें बाराहि सामने जिंकून संस्थानांतील कृष्णवर्णीय शाळांचें अजिंक्यपद मिळविलें. शेवटचा सामना पाहावयास अकरा हजारांवर लोक जमले होते. तरीहि त्या पराक्रमाची योग्य ती दखल घेतली जाण्यास पन्नास वर्षें लागलीं. बॉब त्या संघांत होता, परंतु केवळ राखीव गडी म्हणून. जो पुढें सर्व जगांत वेगवान् ठरला त्याला शाळेच्या संघांत पहिल्या अकरांत जागा नव्हती, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस विचार करावयास लावणारी आहे.

संस्थानच्या मुख्य विश्वविद्यालयाच्या संघांत त्या वेळीं कृष्णवर्णीय खेळाडूस प्रवेश नव्हता. म्हणून बॉब टॅलाहासी येथील फ्लॉरिडा ए. अँड एम. या कृष्णवर्णीयांकरितां काढलेल्या कॉलेजांत गेला. तेथें जेक गेदर हे फुटबॉलचे गुरु होते. १९४५ पासून १९६९ पर्यंत त्यांनीं त्या कॉलेजचा संघ तयार केला, आणि त्या काळांत २०३ सामने जिंकले व केवळ ३६ हरले. मोठ्या विश्वविद्यालयांचीं दारें बंद असल्यामुळें जे उत्तम खेळाडू इकडे येत, ते गेदर यांच्या हाताखालीं घडत. धांवण्याच्या शर्यती हा बॉबच्या लेखीं दुय्यम उद्योग होता. तो आपणांस प्रथमपासून फुटबॉलचाच गडी समजे.

हा दुय्यम उद्योग मात्र त्याला जगभर नेणारा ठरला. १९६२ सालीं त्यानें शंभर यार्ड ९.२ सेकंदांत धांवून जागतिक विक्रमाशीं बरोबरी केली, आणि पुढच्याच वर्षीं तें अंतर ९.१ सेकंदांत काटलें. हा विक्रम अकरा वर्षें कोणासहि मोडतां आला नाहीं. गंमत अशी कीं, त्याचें धांवणें पाहावयास मुळींच सुंदर नव्हतें. उत्तम धांवपटूचीं पावलें हलकीं पडतात, खांदे स्थिर असतात. याचे खांदे डोलत, पावलें आंत वळलेलीं, आणि जड अंगाचा हा मनुष्य जणूं जमिनीशीं झटापट करीत पुढें जाई. शर्यतीच्या आरंभीं तो पुष्कळदां मागेंच असे. परंतु अर्धें अंतर गेलें कीं, इतर सर्व जण जागच्या जागीं थांबले आहेत असा पाहणाऱ्यास भास होई.

१९६४ च्या ऑक्टोबरांत टोकियो येथें ऑलिंपिक सामने झाले. शंभर मीटरच्या उपांत्य फेरींत त्यानें ९.९ सेकंद अशी वेळ नोंदविली, परंतु पाठीमागून वारा जोराचा असल्यामुळें ती विक्रम म्हणून धरली गेली नाहीं. १५ ऑक्टोबर रोजीं अंतिम शर्यत झाली. त्याच्या वांट्यास अगदीं आंतली पहिली पट्टी आली. मार्ग कोळशाच्या राखेचा होता, आणि त्याच दिवशीं वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतींतील स्पर्धकांच्या पायांनीं ही पट्टी उकरून निघाली होती. भरींत भर म्हणजे त्याच्या धांवण्याच्या बुटांच्या जोडींतील एक बूट राहण्याच्या जागींच राहून गेला होता, म्हणून त्याला दुसऱ्या एका धांवपटूच्या उसन्या बुटावर काम भागवावें लागलें. असें असतांहि त्यानें शंभर मीटर १०.० सेकंदांत काटून जागतिक विक्रमाशीं बरोबरी केली. क्यूबाचा एन्रिके फिगेरोला दुसरा आला. इतक्या लहान शर्यतींत पहिल्या व दुसऱ्या गड्यांत जेमतेम हातभर अंतर असावयाचें. येथें दोघांमध्यें दोन यार्डांच्या जवळपास मोकळी जागा होती.

सहा दिवसांनीं चौघांची साखळी-शर्यत झाली. प्रत्येकानें शंभर मीटर धांवून हातांतील दांडी पुढच्यास द्यावयाची. शर्यतीपूर्वीं फ्रान्सच्या एका गड्यानें, तुमच्या चमूंत एक हेज सोडला तर दुसरें आहे काय, अशा अर्थाचा टोमणा अमेरिकन गड्यास मारिला, आणि आम्हांस तेवढा एक पुरे आहे असें त्याला उत्तर मिळालें, अशी गोष्ट सांगतात. हेजच्या हातांत दांडी आली तेव्हां अमेरिकन चमू पुढच्यापेक्षां सुमारें तीन मीटर मागें होता, आणि मध्यें बरेच जण होते. तो त्या सर्वांस ओलांडून तितक्याच अंतरानें पुढें निघून गेला. चौघांची मिळून वेळ ३९.० सेकंद, हा नवा जागतिक विक्रम. पोलंड दुसरा आला व फ्रान्स तिसरा. त्या दिवशीं बॉब हेजनें शेवटचे शंभर मीटर ज्या वेगानें काटले, त्या वेगाची आठवण जाणते लोक आजहि काढतात. ही त्याची अखेरची मोठी शर्यत. बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें, तोंच त्यानें धांवण्याचे मैदान कायमचें सोडलें.

डल्लास शहराच्या काउबॉइज नांवाच्या धंदेवाईक संघानें डिसेंबर १९६३ मध्येंच त्याला निवडून ठेविलें होतें, परंतु सातव्या फेरींत. म्हणजे त्याच्यापूर्वीं ८७ तरुणांचीं नांवें पुकारलीं गेलीं. याचें कारण उघड होतें. केवळ शर्यती धांवणारा मनुष्य फुटबॉलच्या मैदानावर टिकत नाहीं, त्याच्या पायांत गति असली तरी हातांत झेल नसतो, असा जाणत्यांचा समज होता. काउबॉइजचे गुरु टॉम लँड्री हे अत्यंत शिस्तीचे व गणिती बुद्धीचे गृहस्थ. त्यांच्या हाताखालीं १९६५ च्या हंगामांत हेज खेळूं लागला. पहिल्याच वर्षीं त्यानें ४६ चेंडू झेलून १००३ यार्ड मिळविले व १२ टचडाउन केले. दर झेलामागें सुमारें २२ यार्ड! दहा यार्डांकरितां जेथें दोन पक्ष घाम गाळतात, तेथें हा आंकडा काय सांगतो हें वाचकांनींच पाहावें. पुढच्या वर्षीं ६४ झेल, १२३२ यार्ड व १३ टचडाउन. दोन्ही वर्षीं झेलून केलेल्या टचडाउनांत त्याच्यापुढें कोणी नव्हतें. १३ नोव्हेंबर १९६६ रोजीं वॉशिंग्टनच्या संघाविरुद्ध त्यानें एकाच सामन्यांत २४६ यार्ड मिळविले, आणि त्यांत ९५ यार्डांचा एक टचडाउन होता, म्हणजे जवळजवळ मैदानाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत. तो सामना डल्लासनें ३१ विरुद्ध ३० असा एका गुणानें जिंकला.

परंतु आंकड्यांहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्यापूर्वीं बचाव करण्याची रूढ पद्धति अशी होती कीं, एकेका झेलणाऱ्याच्या पाठीं आपला एकेक गडी लावावयाचा. तो जाईल तिकडे यानें जावयाचें. आपल्या शिवाशिवीसारखाच हा प्रकार. परंतु हेजच्या पाठीं लागणारा मनुष्य आणावा कोठून? जगांत तो नव्हताच. दोघे लावले तरी तो दोघांनाहि मागें टाकी. तेव्हां प्रतिपक्षांनीं आट्यापाट्यांची युक्ति अधिकाधिक अवलंबिली. आट्यापाट्यांत पाटी धरणारा गडी कोणाच्या मागें धांवत सुटत नाहीं. तो आपली पाटी संभाळतो, आणि जो त्या पाटीवर येईल त्याला अडवितो. त्याचप्रमाणें मैदानाचे भाग पाडून प्रत्येक बचाव करणाऱ्यास एकेक भाग नेमून देण्यांत येऊं लागला. ही पद्धति पूर्वीं अजिबात नव्हती असें नव्हे. परंतु ती सर्वत्र रूढ होण्याचें एक मोठें कारण बॉब हेज, यांत संशय नाहीं. नियमांच्या पुस्तकांत एक अक्षरहि न बदलतां एका मनुष्याच्या पायांनीं खेळाची रीत बदलावी, असें क्वचित् घडतें.

लाथेनें उडविलेला चेंडू परत आणण्यांतहि त्याची हीच तऱ्हा. १९६८ च्या हंगामांत त्यानें असे १५ चेंडू परत नेऊन ३१२ यार्ड मिळविले, म्हणजे दर वेळीं सरासरी २०.८ यार्ड, आणि दोन वेळां तो थेट शेवटच्या रेषेपलीकडे गेला. एकदां तर त्यानें ९० यार्डांची मजल मारिली. या कामांत दहा यार्डांची सरासरीहि चांगली समजतात. सबंध कारकीर्दींत त्यानें असे १०४ चेंडू परत नेले, व त्यांतून ११५८ यार्ड मिळविले.

त्याच्या खेळांत उणीव नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. ३१ डिसेंबर १९६७ रोजीं उत्तरेकडील ग्रीन बे या गांवीं अजिंक्यपदाचा सामना झाला. त्या दिवशीं थंडी अशी कीं, पारा शून्याखालीं सुमारें २५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरला होता. उबदार फ्लॉरिडांत वाढलेल्या हेजचे हात गारठून गेले. ज्या डावांत चेंडू आपल्याकडे यावयाचा नाहीं हें त्याला ठाऊक असे, त्या डावांत तो आपले हात विजारीच्या कमरेंत खुपसून उभा राही. आणि चेंडू यावयाचा असला म्हणजे हात बाहेर काढी. प्रतिपक्षाच्या चाणाक्ष गड्यांनीं ही खूण तेव्हांच ओळखली. त्या दिवशीं त्याला अवघे तीन झेल व सोळा यार्ड मिळाले, आणि डल्लासचा १७ विरुद्ध २१ गुणांनीं पराभव झाला. जगांतील सर्वांत वेगवान् पाय ज्याचे, त्याचें गुपित त्याच्या हातांनीं फोडावें!

पाटी धरण्याची नवी पद्धति सर्वत्र रूढ झाल्यावर त्याचे झेल कमी होत गेले. तरी १९७० सालीं केवळ ३४ झेलांत त्यानें १० टचडाउन केले. १६ जानेवारी १९७२ रोजीं डल्लासनें मायामीच्या संघास २४ विरुद्ध ३ गुणांनीं हरवून सुपर बोल हा सर्वश्रेष्ठ सामना जिंकला. ऑलिंपिक सुवर्णपदक व हें अजिंक्यपद अशीं दोन्ही मिळविणारा तो पहिलाच मनुष्य होय. त्यानंतर उतरण लागली. १९७२ च्या हंगामांत त्याला एकहि टचडाउन करतां आला नाहीं. १९७५ सालीं डल्लासनें त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडे दिलें. तेथें सहा झेल घेऊन त्याची कारकीर्द संपली. एकंदर ३७१ झेल, ७४१४ यार्ड, ७१ टचडाउन. वय अद्याप तेहतीसहि नव्हतें.

येथून पुढील हकीकत सांगावयास जड जाते, परंतु ती गाळणें हें वाचकांशीं अप्रामाणिकपणाचें होईल. पैसा व कीर्ति यांच्या दिवसांतच त्याला मद्याची व इतर मादक पदार्थांची संवय लागली होती. खेळ सुटल्यावर ती वाढली. १९७९ सालीं टेक्सस संस्थानच्या न्यायालयांत, वेषांतर केलेल्या पोलिसास मादक पदार्थ विकल्याचा गुन्हा त्यानें कबूल केला. त्याला पांच वर्षांची शिक्षा झाली. त्यांपैकीं सुमारें दहा महिने तो तुरुंगांत होता, व १९८० च्या फेब्रुवारींत सुटला. सुटल्यावर व्यसन लगेच सुटलें असेंहि नाहीं. पुष्कळ वर्षें तो त्याच्याशीं झगडत राहिला, कधीं जिंकत, कधीं हरत. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत त्यानें हा सर्व अधःपात कांहींहि न झांकतां सांगितला आहे.

आतां त्या वादाविषयीं. अमेरिकेंतील धंदेवाईक फुटबॉलचें ओहायो संस्थानांत कँटन येथें एक कीर्तिमंदिर आहे. तेथें श्रेष्ठ गड्यांचे अर्धपुतळे ठेवितात, आणि कोणाचा ठेवावा हें क्रीडालेखकांची एक समिति मतदानानें ठरविते. नियम असा कीं, मैदानावरील कामगिरीच तेवढी पाहावी. धांवपटूंच्या कीर्तिमंदिरानें हेजला १९७६ सालींच, म्हणजे शिक्षा होण्यापूर्वीं, स्थान दिलें होतें. फुटबॉलच्या कीर्तिमंदिराचें दार मात्र वर्षामागून वर्ष त्याला बंद राहिलें. तुरुंगवास हेंच त्याचें कारण असें कोणी उघड म्हणत नसे. झेलांची एकंदर संख्या थोडी, असें सांगण्यांत येई. परंतु लोकांस जें समजावयाचें तें समजत होतें. २००४ सालीं जुन्या गड्यांपैकीं एक म्हणून त्याचें नांव अखेरच्या मतदानापर्यंत पोंचलें व तेथें नापास झालें. तेव्हां एका ज्येष्ठ क्रीडालेखकानें निषेध म्हणून निवडीच्या कामांतून आपलें अंग काढून घेतलें.

प्रस्तुत लेखकाचें मत विचाराल तर तें असें. मादक पदार्थ विकणें हा केवळ स्वतःचा नाश नव्हे. त्यांत दुसऱ्याच्या मुलाचा नाश आहे, आणि म्हणून झालेली शिक्षा अन्यायाची होती असें म्हणतां येणार नाहीं. परंतु ती शिक्षा न्यायालयानें दिली व त्यानें ती भोगली. जी शिक्षा न्यायाधीशानें पांच वर्षांची ठरविली, ती लेखकांच्या समितीनें तीस वर्षांची करावी, हा अधिकार तिला कोणीं दिला? वॉशिंग्टनविरुद्ध झेललेला चेंडू १९७९ सालच्या गुन्ह्यामुळें हातांतून निसटलेला ठरत नाहीं. शिवाय ज्या पद्धतीनें त्याला अडविण्यांत आलें, ती पद्धति रोज वापरणाऱ्या खेळानें ती ज्याच्या भीतीनें पसरली त्याचें नांवच गाळावें, हें चमत्कारिक होतें. ज्या पालकांस हें मत पसंत नसेल त्यांनीं आपल्या मुलांशीं याचा घरीं अवश्य वाद करावा.

डल्लासच्या लोकांनीं त्याची आठवण ठेविली होती. आपल्या स्टेडियमच्या वरच्या कठड्यावर श्रेष्ठ गड्यांचीं नांवें लिहिण्याची त्या संघाची रीत आहे. २३ सप्टेंबर २००१ रोजीं तेथें बॉब हेजचें नांव लागलें, आणि तो समारंभ तो स्वतः पाहूं शकला. प्रकृति त्यापूर्वींच ढांसळली होती. यकृत व मूत्रपिंडें हीं दोन्ही बिघडलीं होतीं. वर्षभरानें, १८ सप्टेंबर २००२ रोजीं, जन्मगांवीं जॅक्सनव्हिल येथेंच त्याचा अंत झाला. वय ५९.

२००९ च्या जानेवारींत कीर्तिमंदिराच्या समितीनें अखेर त्याची निवड केली. ८ ऑगस्ट रोजीं कँटन येथें समारंभ झाला, आणि बापाच्या जागीं मुलगा उभा राहिला. दोन महिन्यांनीं, ११ ऑक्टोबर २००९ रोजीं, माइल्स ऑस्टिन नांवाच्या डल्लासच्या एका तरुण गड्यानें कॅन्सस सिटीच्या संघाविरुद्ध २५० यार्ड मिळविले. तोंपर्यंत डल्लासच्या कोणत्याहि गड्यास एका सामन्यांत २४६ यार्डांपलीकडे जातां आलें नव्हतें. बॉब हेजचा तो आंकडा जवळजवळ त्रेचाळीस वर्षें टिकला होता.